दोनशे चौसष्ट अंश

कामठी रोडवर, टायरच्या गोदामामागे,
टेकचंद निनावेंच्या शेडमध्ये
जुन्या पेपरावर दोन कॅमशाफ्ट ठेवलेत.
पेपरात संत्र्यांचे भाव,
त्यावर तेलाचा डाग हळूहळू पसरतोय.

एक दोनशे अठ्ठ्याऐंशी अंशांचा,
कोइमतूरहून आलेला. उंचवटे टोकदार,
आरशासारखे घासलेले,
त्यात माझं नाक लांब दिसतं.
दुसरा दोनशे चौसष्टचा. बघितला तर
मूळ कंपनीचाच वाटावा,
फक्त नुकता जेवून उठलेला.

मला पहिलाच हवा.
खरं सांगायचं तर मला तो आवाज हवा:
सिग्नलला उभ्या गाडीनं ठेचकाळत घेतलेला श्वास,
ढब्, ढब्-ढब्, बंद पडली वाटावं
आणि पुन्हा ढब्.
शेजारच्या मोठ्या गाडीवाल्यानं काच खाली करावी,
नव्याण्णवच्या एस्टीमकडे बघावं,
मग आत बसलेल्या बाईकडे.

निनावेंना घाई नसते.
"रोजचं किती पडते?"
मनीषनगर ते बुटीबोरी, जाऊन-येऊन बावन्न.
"त्यात मोकळा रस्ता किती?"
निम्मा, मी म्हणते.
ते चहाचा ग्लास खाली ठेवतात, बोलत नाहीत.
बरं, दहा-बारा.
"अन् एसी?"
एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, पत्र्याखाली,
हे मला विचारणारा माणूस
गळ्यातल्या गमछानं मान पुसत असतो.

मग ते मोठा कॅम तळहातावर फिरवतात,
लहान मूल मालिशीला घ्यावं तसा.
"असं पाहा मॅडम.
जानारा धूर अजून उंबऱ्यात असते,
अन् येनारी हवा चपला काढून आत.
दोन्ही दारं उघडी.
गाडी पयत असली त काम भागते,
एकाच्या धक्क्यानं दुसरा निंगते.
सिग्नलवर मात्र दोघं एकमेकाईच्या अंगावर.
धड कोनी येत नाई, धड कोनी जात नाई."

मला आमच्या घरातले ते सहा महिने आठवतात.
तो निघाला होता
आणि निघालेला नव्हता.
हे मी निनावेंना सांगत नाही.
विचारते, ब्रेक?
"दगडावानी. पाय टाकून उभं राहा लागन."

शुक्रवारी आईला मेडिकलला न्यायचं असतं.
ती एसीची जाळी स्वतःकडे वळवून घेते,
गुडघ्यांवर पर्स, पर्समध्ये रिपोर्ट,
आणि अजनीच्या पुलाआधी गाडी जरा थरथरली
तरी विचारते, काय झालं?
तिला काय सांगू,
आवाजासाठी केलंय म्हणून?

बोट मी चौसष्टवर ठेवलं.
टोकदारवाल्याकडे दोनदा पाहिलं, हेही लिहून ठेवते.

शनिवारी खुणेला खूण जुळवून पट्टा चढला.
रॉकरखाली पोलादाची पत्ती सरकवत
निनावे डोळे मिटून बसले,
अडते का, निसटते का,
बोटांनीच ठरवत.
मग मला म्हणाले, "दोन हजारावर धरा. वीस मिंटं.
घड्याळ पाहू नका, पाय सोडू नका."
माझी पोटरी भरून आली. शेडमध्ये निळा धूर,
दारातलं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

आता छत्रपती चौकात गाडी
साडेआठशेवर गप्प उभी असते.
कोणी काच खाली करत नाही.
पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर,
रात्री साडेअकराला, जामठ्याच्या अलीकडे,
काटा पस्तीसशेच्या पुढे सरकला की
पाठीला एक हात लागतो. ढकलत नाही,
नुसता टेकतो, चल म्हणतो.
तेवढ्यात पुढे ट्रक येतो,
आणि मी पाय काढते.

आठवड्यानं निनावेंचा फोन.
"काय म्हनते गाडी?"
काहीच म्हणत नाही.
पलीकडे पान्हा पडल्याचा आवाज,
कोणावर तरी ओरडणं, मग
"मंग बराबर बसली."