सदुसष्ट टप्पे

स्टॉकहोम ते हेलसिंकी, पोरगी म्हणाली, चारशे किलोमीटर.
मी बोटांवर सहाने भागलं.
सहासष्ट अन् थोडं वर.
थोडं वर असलं की पुढचाच टप्पा धरायचा,
हा नियम अठ्ठावीस वर्षं पाळला,
म्हणून सदुसष्ट.

वेळ?
एक तास.
मध्ये थांबे किती?
बाबा, मध्ये समुद्र आहे.

एका तासात आमची गाडी कुरखेडा सोडून
बेडगावच्या घाटाला लागली तरी नशीब.
मोहाची पोती टपावर चढवायची.
कोंबडीचं अर्धं तिकीट म्हटलं की म्हातारी भांडायची,
"पिशवीतच तं आहे बाबू, सीट कुठं अडवली तिनं?"
एकदा फाट्यावर लग्नाचा मांडव लागला,
अख्खी गाडी जेवून निघाली.
वेबिलावर मी लिहिलं: टायर पंक्चर.

दर्शना दर सोमवारी जाते, शुक्रवारी येते.
जहाजांच्या इंजिनांचं काहीतरी काम.
वरून काय दिसते, विचारलं.
बेटं, म्हणाली.
रोवण्याच्या आधी भरल्या बांधीत
पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकता ना तुम्ही,
तशी.

अडलं ते वेळापत्रकात.
सोमवारी सातला निघते, नऊला उतरते.
शुक्रवारी सातला निघते
अन् सातलाच उतरते.
असं वेबिल मी भरलं असतं
तर तपासनिसानं वडशाच्या स्टँडवरच
माझी बॅग जमा केली असती.
ती हसली. दोन देशांच्या घड्याळांत तासाचा फरक, बाबा.
जाताना जातो, येताना परत मिळतो.

विसरलेल्या वस्तूंची एक वही होती माझ्याकडे.
छत्री, काळी, दांडा मोडका.
टिफिन, वरचं झाकण नाही.
चपला दोन, दोन्ही डाव्या.
न्यायला कोणी आलं, असं क्वचितच.

शुक्रवारी रात्री साडेनऊला निरोप येतो: बसले.
साडेदहाला: उतरले.
तिच्या मनगटावर तो तास झालाच नाही.
इथं पुरा झाला.
शशिकलानं भात झाकला, उघडला, पुन्हा झाकला.
बोडीतले बेडूक ओरडून थांबले.
"विमानात उभ्यानं जाता येते का जी?"
नाही, म्हटलं.
"मग बरं."

कुरखेड्यापासून तिच्यापर्यंतचे टप्पे
मी काढले नाहीत.
भागाकार येतो मला.

सकाळी साडेपाचची कोरची गाडी
घरामागच्या वळणावर घरघरली.
भिंतीवर पाच एक्केचाळीस.
मी स्टुलावर चढलो
अन् घड्याळ अकरा मिनिटं मागं केलं.