अंगावर काढलेलं

ओहोटी लागली की आम्ही वाळूत उतरतो,
सत्तावीस बायका, गुडघाभर पाण्यात,
हातात दाताळं, कमरेला दोरी, दोरीला बादली.
आरोसाच्या खाडीत तिसऱ्या वेचायच्या
तर वाकायचंच. चार तास.
भरलेली बादली उचलताना
आधी श्वास कोंडतो,
मग खाली काहीतरी सरकतं.

धाकटीच्या वेळी मी एकतीस वर्षांची,
सहाव्या आठवड्यात परत पाण्यात.
आई म्हणाली, सगळ्यांचंच होतं.
तिनेही अंगावर काढलं होतं, तिच्या आईनेही,
जणू घरातला एखादा जाड स्वेटर,
एकीने उतरवला की दुसरीने घालायचा.

एलादिओ शुक्रवारी बोटीवरून येतो.
तीनदा साबण लावतो, तरी बोटांना डिझेलचा वास.
मला तो वास आवडतो
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
सांगायचं तर हेही,
की एका शुक्रवारी, ऐन वेळी,
मी खोकले आणि चादर ओली झाली.
त्याला कळलं नाही. किंवा कळलं.
त्यानंतर मी दिवा आधीच मालवायची,
त्यानंतर भिंतीकडे तोंड,
त्यानंतर दर शुक्रवारी कंबरदुखी.
अंग चोरता चोरता
अंगात मीच उरले नाही.

"एर्मितास, दुसरं कुणी आहे का?"
अंधारात त्याने विचारलं.
हसू आलं. हसतानाही सांभाळावं लागलं.
होतं की.
त्याच्या नि माझ्या मधे, लिंबाएवढं,
उभी राहिले की खाली येणारं,
आडवी झाले की आत जाणारं.
मी त्याला नाव दिलं नव्हतं.
डॉक्टरांनी दिलं, कागदावर, लॅटिनमधून.

पोन्तेवेद्राची फिजिओ, नेरेआ, माझ्या मुलीच्या वयाची.
हात गरम करून घेते आधी.
"नवऱ्याबरोबर असताना दुखतं का?"
पाद्र्याने विचारलेले प्रश्न वेगळे होते.
"दुखतं," म्हणाले.
मग म्हणाले, "आणि हवंसंही वाटतं."
लाज दुसऱ्या वाक्याची जास्त.

आवळा, ती म्हणाली, वर ओढा, दहा मोजा.
पोट आवळलं, जबडा आवळला,
तळ मात्र गप्प.
मीच विचारलं, तिसरी मिटते तशी?
ती शहरातली. तिला सांगावं लागलं:
सावली पडली की मिटते. जिवंत असेल तरच.
मेलेली उघडीच राहते.
"आणि उघडते कशी?" तिने विचारलं,
"कारण तुमचं दुखणं तिथेच आहे,
सोडायचं तुम्ही विसरलात."
उघडते ना.
पाणी आलं की. आपल्या वेळेने.

हे सगळं मी साबेलाला सांगत होते, वाळूत,
वारा इतका की ओरडून सांगावं लागलं.
दाताळी थांबली.
"माझं नऊ वर्षं झाली," पिलारा म्हणाली.
ओलाया काहीच बोलली नाही,
बादली अर्धीच भरून खाली ठेवली फक्त.
तेव्हापासून एका बादलीला दोघी.
लिलावघरातले पुरुष हसतात,
म्हाताऱ्या झालात काय गं?

बरं झालंय असं नाही.
एक रबरी कडं दिलंय, आतून आधाराला,
कधी घालायचं, कधी काढायचं
ते माझं मी ठरवते.
रोज सकाळी कॉफी उकळेपर्यंत
मिटते, सोडते, मिटते.

काल शुक्रवार होता.
दिवा राहू दे, म्हणाले.
तो जरा बावचळला, म्हणजे नवरदेवासारखाच.
मग मला खोकला आला.
"चादर बदलू का?" त्याने विचारलं.
म्हणजे कळलं होतं.
इतकी वर्षं, कळलं होतं.
"नंतर," मी म्हणाले.