शेवटून तिसरा आकडा

मानवतहून निघाल्यापासून निनाद एक शब्द बोलला नव्हता.
सहा वर्षांचं पोर, मांडीवर डबा,
डब्यात वहिनीसाठी डिंकाचे लाडू.
परभणीला उतरलो तर वसमतची गाडी दोन तास लेट,
आणि फलाटावर पत्र्याच्या सावलीतसुद्धा बसवेना.

म्हटलं, चल, भिंती बघू.

पहिल्या भिंतीवर कापसाचं बोंड, माणसाएवढं,
बियाण्याच्या कंपनीचं,
त्याखालून मागच्या निवडणुकीतलं
कुणाचं तरी अर्धं नाव डोकावत होतं.
दुसरीवर शाळेत निघालेली मुलगी,
तिची दोन्ही पावलं डावीच.
मी हसले. त्यानं नुसतं बघितलं,
एकदा तिच्या पायांकडे, मग स्वतःच्या चपलांकडे.

तिसरी भिंत ओली होती.
मोर अर्धाच झालेला, पिसाऱ्याला अजून खडूच्या रेघा,
शिडी उभी, डबे उघडे,
रंगवणारा चहाला गेला असावा.
हात नको लावू, रंग लागेल, म्हणत
मी त्याचं बोट ओढून घेतलं.

आणि टाकीमागच्या गल्लीत हत्ती.
राखाडी, भिंतभर,
कानाच्या जागी कुणाच्या तरी खिडकीचं झडप,
वारा आला की हलणारं.
सोंड मात्र रंगवलेली नव्हतीच.
गच्चीवरून उतरलेला खराखुरा लोखंडी पाइप,
टोकाला पितळी तोटी.

'नळ,' निनाद म्हणाला.
सकाळपासूनचा पहिला शब्द.

पोटाखाली सही, शकूर आर्ट,
आणि मोबाइल नंबर,
त्यातला शेवटून तिसरा आकडा पोपड्यासकट गळालेला.
'आत्या, ह्याला फोन लाव.'
'एक आकडा नाहीये रे.'
'मग सगळे लाव.'

शून्य बंद होता.
एकला कुणी बाई, मागे मिरचीकांडपाचा घरघराट,
'कुणीकडून बोलता?' तीनदा, आणि कट.
दोन अस्तित्वात नव्हता.
तीनवाला सेलूचा,
त्याला वाटलं म्हशीसाठी फोन केलाय,
वेत कितवं, दूध किती, सगळं सांगून मोकळा झाला.
चारनं शिवी दिली. मी स्पीकर बंद केला,
निनादनं पुन्हा चालू केला.
पाच. सहा.
सातला एक म्हातारा आवाज.
म्हटलं, परभणीतला हत्ती तुमचा का?
तिकडं बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत राहिला.
'कोनसा? नलवाला?'

निनादनं फोनच हिसकला.
'आजोबा, ह्याचा दुसरा दात कुठंय?'
'भिंत के अंदर है ना, बेटा.'
हे त्याला पटलं.
'पानी आरा क्या सोंड से?'
त्यानं तोटी फिरवली, दोन्ही हातांनी, दात आवळून.
आधी फुस्स, मग आत कुठंतरी खरखर, मग काहीच नाही.
'नुसता वारा येतोय.'
'आठ दिन में एक बार छूटता. परसों आओ.'
परवा आम्ही इथं नसू, निनादनं त्याला समजावलं,
वसमतला असू, आईकडे, आणि तिथं,
इथं तो अडला,
तोटी उलटी फिरवली,
'तिथं एक बाळ आहे.'

घरात ह्यावर तो कुणापुढंच बोलला नव्हता,
फोटो दाखवला तर मान फिरवायचा.
'देखा क्या उसकू?'
'नाही अजून.'
'देख के बता मेरेकू,' म्हणाला म्हातारा, आणि ठेवून दिला.

नंबर मी साठवून घेतला. निनाद म्हणाला, हत्ती लिही.

पूर्णा मागे पडलं तरी तो खिडकीशीच,
गेटच्या, गोदामांच्या, संडासांच्या भिंती मोजत.
डब्यावर ठेवलेल्या बोटाला निळा रंग,
मोराचा. कधी लावलं, मला कळलंच नाही.

'आत्या,
बाळाला हात लावता येतो का,
का ते अजून ओलं आहे?'

बाराच दिवस झालेत, म्हटलं.
विचारू आईला.