कबरी

हिंगणघाटहून ती थर्माकोलच्या डब्यात आली,
माझ्या मांडीवर, दीड तास.
कंडक्टरनं विचारलं, आत काय हाय?
औषध, म्हटलं. ते खरं नव्हतं.
ती कुणाला बरं करत नाही.

नखाएवढ्या कुपीच्या तळाशी पांढुरका पापुद्रा,
कुठल्याशा दूरच्या बकरीच्या रक्तातून गाळून घेतलेला.
उंदराचं एकच प्रथिन ओळखतो, इंटरल्युकिन-सहा.
बाकीची हजारो शेजारून गेली
तरी मान वळवत नाही.

पिंजऱ्यातला भुसा बदलता बदलता देवाजी कुमरे थांबले.
"बकरीले कसं समजते जी,
उंदराच्या आंगात काय चालू हाय ते?"

मी सांगू लागले, पेशी, संदेश, दाह,
आणि माझेच शब्द मला परीक्षेतले वाटू लागले.
मग म्हटलं, भाऊ, तुम्ही माळ्यावर जागलीला जाता.
डुक्कर शिरलं की एक जण हाकारा देतो,
तो ऐकून पुढच्या वावरातला, मग नाल्यापलीकडचा.
उंदराच्या अंगातही तसाच हाकारा फिरतो.
आपल्याला ऐकू येत नाही.
त्या बकरीला तो टोचला होता कधीतरी.
परका म्हणून तिच्या रक्तानं ध्यानात ठेवला.

"आन् डुकराले हाकलते का थे?"
नाही. हाकाऱ्याला नुसती घट्ट धरून बसते.
"म्हंजे आमच्या पोलीस पाटलावानी,"
म्हणाले, आणि भुसा पसरत राहिले.

दुपारी लाईट गेली.
जनरेटर सुरू होईपर्यंत कुपी बर्फात,
वर देवाजींनी आणलेलं ओलं पोतं.

शहाण्णव खळगे. भरा, थांबा, धुवा. पुन्हा भरा.
चौदा नंबरचा उंदीर, कानाला दोन खाचा,
कालपासून कोपऱ्यात केस पिंजारून बसलेला.
त्याच्या खळग्यात आधी निळं उमटलं, जवसाच्या फुलाचं.
आम्ल पडलं तसं पिवळं झालं,
तूर फुलल्यावर धुऱ्यावरून दिसते तसं.
कोरे ठेवलेले कोरेच राहिले.

देवाजी गुडघ्यांवर हात टेकून पाहत होते.
"लयच ओरडून राह्यला होता बिचारा.
आन् आपल्याले वाटे, गुमान बसला हाय."

मग त्यांनी बकरीचं नाव विचारलं.
डब्यावर होता तो फक्त लॉट नंबर, आठ आकडी.
"नाव नाही? रगत घेतलं आन् नाव नाही?"
संध्याकाळी फ्रीजर उघडला
तर टोपणावर मार्करनं लिहिलेलं, वेलांटी चुकवून,
कबरि.
मी वहीत आठ आकडेच उतरवले.

ती संपली पोळ्याच्या आसपास.
पुरवठादाराचा फोन आला,
मॅडम, जुना लॉट नाही, नवा आहे, चालेल ना?
मी विचारलं, बकरी तीच आहे का?
तिकडून बराच वेळ
काही आलं नाही.