गाठीचं लाकूड

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं चर्च
बाहेरून मालधक्क्यावरची शेड वाटावी असं.
आत सोन्याचा पसारा.
ओला पंचा पिळावा तसे पिळलेले खांब,
त्यांवर चढलेली द्राक्षवेल,
आणि गाल फुगवलेली पोरं,
मानेलाच पंख फुटलेली.

गोव्याहून वॅगनीत, गवतात गुंडाळून आली म्हणे ही वेदी.
वाळवीला सोन्याचं काय?
तिनं वर्ख ठेवला,
आतलं खाल्लं.

बापाला, उखा मिस्तरीला, सावद्याहून बोलावलं
तेव्हा मे होता.
मी दहाची,
जवसाच्या तेलाची वाटी धरायला सोबत.

फादर काएतान एकेक दाखवत गेले.
द्राक्ष म्हणजे रक्त. गहू म्हणजे देह.
डाळिंब म्हणजे एका सालीत दाटीनं बसलेली सगळी माणसं.
डाळिंब बापाला लगेच पटलं.
बिनधडाच्या पोरांपाशी मात्र तो थांबला.
"यायले पोट नाही का?"
"नाही."
"म्हनूनच उडतात," बाप म्हणाला.

मधोमध, पवित्र भाकरीच्या पेटीवर,
नुसता भुगा.
इथे पक्षीण होती, फादर म्हणाले.
पिल्लं भुकेली असली की
चोचीनं स्वतःची छाती फोडते,
रक्त पाजते.

बापानं पटाशी खाली ठेवली.
"असं पाखरू ऱ्हाते का कुठी?"
"नसतं.
ज्यांनी आधी कोरलं, त्यांनीही पाहिलं नव्हतं."

मग आमच्या खुडूक कोंबडीचे हाल.
मी धाब्यावरून गोणपाट फडकवायचं, घार होऊन;
तिनं पिल्लांवर पंख टाकायचे;
बाप फरशीवर खडूनं तेवढं उचलून घ्यायचा.
मान तापीकाठच्या बगळ्याची घेतली.
चोच कुणाची, ते त्यानं सांगितलं नाही.

वखारीत सातपुड्याचं सागवान,
सरळ रेषांचं, लोण्यासारखं.
त्यानं सगळ्या फळ्या उलथवल्या
आणि उचलली गाठीची.
पोरगा सुतारही फेकून देईल अशी.
गाठीवर पटाशी अडायची,
धार जायची,
मी पुन्हा पाण्याचं भांडं घेऊन दगडापाशी.
चिडायचे मी. तो गप्प.

जुन्या एका पानामागे, जिथे भक्त बघत नाहीत,
त्याला रेघा सापडल्या:
चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या.
बोटानं वाचल्यासारखं केलं.
"हाजिरी," म्हणाला.
आणि त्याखाली आपल्या अकरा दिवसांच्या रेघा मारल्या.

पक्षीण बसवली त्या दिवशी
फादरनी विचारलं, थेंब कुठंय?
"लाकडातून रक्त नाही निघत.
रंगवाल्याले सांगा."
रंगवाला आलाच नाही. पैसे पत्र्यांत गेले.
एवढ्या सोन्यात ती एकटी उघडी राहिली.
रिटायर ड्रायव्हर रोझारियो म्हणाला,
ही तर कोंबडी, पिसवा शोधतेय.
पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत हसू गेलं.
बापही हसला, जरा उशिरानं.

एकतीस वर्षांनी परवा गेले.
खांबांवरचा वर्ख विटलाय,
द्राक्षांना पोपडे आलेत.
सागवान मात्र काळवंडत गेलं, आत आत,
आणि गाठ सगळ्यांत जास्त:
कड्यात कडं, कड्यात कडं,
मधे ओलसर वाटावा असा एक ठिपका.
बरोबर तिथेच, जिथे चोच टेकते.

बाप म्हणायचा, गाठ म्हणजे तुटलेली फांदी.
झाड तिला टाकून देत नाही,
तिच्याभोवती वाढतं.
हे तो लाकडाबद्दल म्हणायचा. मी तेवढंच ऐकलं होतं.

तेल नेलं होतं.
वाटी धरायला कोणी नव्हतं, बाकावर ठेवली,
स्टुलावर चढले.
आधी पिल्लांना लावलं.