पाणी सोडणे

एजंट म्हटलं की बाबांना विम्याचाच वाटतो.
कमिशन किती, विचारलं त्यांनी.
नाही हो. मी लिहिते तो
कारेलीबागेतल्या एका थंडगार खोलीत असतो,
त्याला हातपाय नाहीत, तीन कप्पे आहेत.
पहिल्यात, जे तो खरं मानतो:
पुलापाशी नदी अठरा फूट, वरचा तलाव काठोकाठ.
दुसऱ्यात, जे त्याला हवं असतं:
तलाव फुटू नये.
काठच्या घरांत पाणी शिरू नये.
दोन्ही एकदम मिळणार नाही हे त्याला कळतं,
तरी हवं असतं.
तिसऱ्यात एकच गोष्ट मावते. ठरलेली.

तिसऱ्याला नाव देताना मी अडले.
हेतल म्हणाली, इरादो ठेव ना.
मला दांडिया बाजारातली पूजा आठवली,
पराडकर गुरुजी तळहातावर पळीभर पाणी घालून म्हणायचे,
हं, सोडा संकल्प.
मी सहा वर्षांची. विचारलं,
सोडायचाच तर करायचा कशाला?
गुरुजी हसले नाहीत.
हातात आहे तोवर नुसता विचार, म्हणाले,
ताम्हनात पडला की झाला.

पण नदीवर बसणाऱ्याला
ताम्हनातून परत उचलता यायला हवं.
किती वेळा, हा प्रश्न.
क्षणाक्षणाला फेरविचार केला तर काहीच होत नाही
(आमचे भाऊकाका तीन वर्षं स्कूटर निवडत होते),
आणि एकदाच करणारा
शहर बुडालं तरी शब्दाला जागतो.
मी वीस मिनिटं ठेवली.
वीसच का, याला उत्तर नाही.
पंधरा भित्री वाटली.

भाद्रपदातली रात्र, दोन वाजून अकरा मिनिटं.
नदी अठरावर ठाम, म्हणून त्यानं ठरवलं:
अडीचपासून तलावाचं पाणी सोडायचं.
बरोबरच होतं. कप्प्यात जे होतं त्यावरून
मीही तेच ठरवलं असतं.

तेवढ्यात रणछोडभाई पढियारांचा फोन, पुलावरून.
गुप्तेबेन, तुमचा साहेब झोपला का?
डब्यावर मगर बसलाय.
कुठल्या डब्यावर?
तुमच्या. तरंगतो तो. दाबून बसलाय आरामात.
पाणी चोवीसला गेलं, मी बॅटरी मारून बघतोय.

पहिल्या कप्प्यात मगरीला जागा नव्हती.
पाऊस होता, गाळ होता, वीज जाणं होतं,
डब्याची गंजलेली साखळीसुद्धा होती.
या शहरात जन्मून मी मगर विसरले होते.
हातानं लिहिलं: मगर आहे.
डब्यावर विश्वास ठेवू नकोस.
रणछोडभाई सांगतील ते खरं.

रणछोड, म्हणजे रण सोडून गेलेला.
डाकोरला देवाला त्याच नावानं हाका मारतात,
पळून गेला म्हणून कुणी रागावत नाही.

वीस मिनिटं व्हायची होती. मी वाट पाहिली.
स्वतःच लिहिलेल्या नियमासमोर
चहाचा रिकामा कप धरून.
दोन अठ्ठावीसला पडद्यावर ओळ उमटली:
पाणी सोडायचं सोडलं.
व्याकरण माझंच, तरी दोनदा वाचलं.

वर तलाव भरत राहिला.
दुसऱ्या कप्प्यातली एक इच्छा
रात्रभर तशीच जागी.
रणछोडभाई आकडा सांगत, मी भरत होते,
चोवीस, साडेचोवीस, चोवीस,
मधे एकदा त्यांची बिडी विझली तेही सांगितलं.

पावणेसहाला ते म्हणाले, उतरला. गेला.
आता घरी जातो, बेन.
मी हो म्हटलं, आणि टेबलावर डोकं टेकलं.

दाब सुटताच डबा वर उसळला,
तेवीस, म्हणाला,
पुन्हा म्हणाला, तेवीस.
खरं बोलत होता.
थंडगार खोलीत पहिल्या कप्प्यात
मगर अजून बसून होती.