घडी

पोर्तोतल्या या इस्पितळाच्या तळघरात
खिडकी एकच, तीही फुटपाथच्या उंचीची.
तिच्यातून फक्त बूट दिसतात.
बुटांवरून मी वेळ ओळखते.
सहाला पाववाल्याचे, पिठाने पांढरे पडलेले,
आठला डॉक्टरांचे घाईतले,
रात्री दहानंतर कुणाचेच नाहीत.
तेव्हाही मी असते.

झुल्मिरा आजारी, नवी पोरगी तीन दिवसांत पळाली,
म्हणून आज बारा तास, उद्या चौदा.
"एवढाच आठवडा, देओलिंदा," अबिलिओ साहेब म्हणतात.
एकोणीस वर्षं ते हेच म्हणताहेत,
आणि दर वेळी त्यांना ते खरंच वाटतं,
म्हणून मला त्यांचा राग येत नाही.
येतो. पण माझ्यापेक्षा माझ्या गुडघ्यांना जास्त येतो.

रक्त थंड पाण्यानेच जातं,
हे इथे आल्यावर पहिल्यांदा शिकले.
गरम पाणी त्याला सांगतं, राहा आता इथेच.

भाचा लिस्बनला, काचेच्या इमारतीत.
मध्यरात्रीपर्यंत पडद्यासमोर बसतो,
रविवारी फोन करतो: "मावशी, कामात अर्थच राहिला नाही.
तुला कसा सापडतो?"
म्हटलं, खिसे तपासते रे,
पण चादरींना खिसे नसतात.
तो हसला नाही.
मग मी खरं ते सांगितलं,
की कित्येक दिवस मी नुसत्या पाट्या टाकते,
घड्याळाकडे बघत, सूप गार करत.

एवारिस्तोला एक सांगायचं राहिलं.
मुलांच्या वॉर्डातल्या एका सदऱ्याच्या खिशात
दुधाचा दात निघाला, चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेला.
तीन मजले चढून गेले.
पोरगा झोपला होता. उशीखाली ठेवून आले.
महिनाअखेरीला वीस मिनिटांचा पगार कापलेला.
बरोबरच आहे, मी जागेवर नव्हते.

आणि हेही, की मोठी चादर एकटीने घडी होत नाही.
झुल्मिरा त्या टोकाला, मी या टोकाला.
ताणायची, झटकायची,
मग चालत एकमेकींकडे यायचं,
कोपरे तिच्या हातातून माझ्या हातात,
बोटांना बोटं लागतात,
पुन्हा मागे.
दिवसातून दोनशे वेळा.
तिच्या नवऱ्याचं पिणं, माझ्या आईचं जाणं,
सगळं असंच, दोन-दोन वाक्यांत सांगून झालं.
आता मी दुसरं टोक हीटरच्या कडीला अडकवते.
कडी धरून ठेवते, चांगली धरते.
पण जवळ येत नाही.

काल तेराव्या तासानंतर चौथ्या मजल्यावर गेले.
ती पलंगावर, नाकात नळी, केस विंचरलेले.
अंगाखाली आमचीच चादर.
आधी मी टाका शोधला.
फाटका कोपरा मी निळ्या दोऱ्याने शिवते, ती पांढऱ्याने,
कुणी सांगितलेलं नाही, आपलं उगीच.
टाका होता, पण हिरवा.
"एर्मेलिंदाचा असेल," ती म्हणाली,
"आपल्या आधी होती ती."
"तिला तर हिरवा रंग आवडायचा नाही."
"मग कुणाचा?"
बराच वेळ आम्ही त्यावरच भांडलो,
तिचा अंगठा टाक्यावरून फिरत राहिला.

मग तिची नजर पायथ्याच्या जादा चादरीवर गेली.
"ही घडी कुणी घातली? काय हे कोपरे!"
"मीच."
"चौदाव्या तासाची दिसतेय."
"कडीबरोबर घातलेली आहे."

तिने पडल्यापडल्या हात पुढे केले, दोन टोकं मागितली.
नर्स नको म्हणत होती.
मी माझी दोन टोकं घेऊन दारापर्यंत मागे सरकले,
ताणली, हलकेच झटकली,
तिची नळी हलू नये एवढीच.
आणि निघाले तिच्याकडे.